चोवीसची रेघ

एक जानेवारीला सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी लॅबमधल्या प्रोग्रामने अक्काला नाकारलं. पडद्यावर आलेल्या ओळीचा अर्थ असा, की या रुग्णाचा जन्म नमुना घेतल्यानंतरचा आहे, तारीख तपासा.

नमुना थोड्याच वेळापूर्वी वरच्या मजल्यावरून खाली आला होता. रक्त काढणाऱ्या बाईने, जिला सगळं घर सुईताई म्हणत असे, अक्काची जन्मतारीख पुन्हा टाकली. नऊ जानेवारी, साल चोवीस. प्रोग्रामने पुन्हा तेच सांगितलं. मग तिने रांगेतला पुढचा माणूस घेतला. तो साठीचा शिंपी होता, दर महिन्याला साखर तपासायला येणारा. त्याचाही जन्म व्हायचा होता. त्याच्यामागे उभ्या असलेल्या कॉलेजातल्या मुलीचाही. सुईताईने वरच्या मजल्यावर फोन लावला आणि नेहमीच्या सपाट आवाजात सांगितलं, "बाई, खाली या. आज कुणीच जन्मलेलं नाहीये."

थोरली ओल्या केसांनीच जिना उतरली. अक्काचे लहान भाऊ अण्णा, त्यांची ही मोठी मुलगी, पॅथॉलॉजीची डॉक्टर. अण्णांनी उभी केलेली लॅब आता तीच चालवत होती. तिने आयुष्यात प्रोग्रामची एक ओळ लिहिलेली नव्हती, पण पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख वाचता येण्यापुरतं तिला कळत होतं. तिथे आजचा दिवस होता, आजचा महिना होता, आणि साल होतं १९२४.

प्रोग्राम अण्णांचा. चाळीस वर्षांपूर्वी, दिवसभर नळ्या हलवून झाल्यावर संध्याकाळी बसून त्यांनी तो लिहिला. तेव्हाच्या डिस्कवर जागा इतकी थोडी, की अण्णांनी अक्षर-अक्षर वाचवलं. सालाला दोनच आकडे दिले. वयालाही दोनच. शतक संपायला आलं तेव्हा जगभर सगळ्यांनाच घाम फुटला होता, की यंत्रं शून्य-शून्य म्हणजे १९०० समजतील. अण्णांनी तेव्हा एक रेघ ओढली. साल चोवीस ते नव्याण्णव असेल तर जुनं शतक, शून्य ते तेवीस असेल तर नवं. त्या एक जानेवारीला शहरातल्या दोन मोठ्या लॅब बंद होत्या आणि अण्णांच्या दारात रांग होती. घरात ती गोष्ट अजून सांगितली जाते, बहुतेक वेळा अण्णांकडूनच.

आता सालच रेघेवर येऊन उभं राहिलं होतं. प्रोग्रामच्या हिशेबाने आज १९२४ उजाडलं होतं, आणि शहरातल्या रुग्णांना जन्माला यायला अवकाश होता. अक्काला आठ दिवसांचा.

थोरलीने आधी काम मार्गी लावलं. रक्त तपासणारी यंत्रं नवी होती, त्यांना काही झालेलं नव्हतं. आकडे यंत्राच्या पट्टीवरून वाचायचे, हाताने लिहायचे, दोघींनी ताडून पाहायचे. पहिला रिपोर्ट तिने अक्काचा लिहिला. सोडियम १२७, हवं त्यापेक्षा बरंच कमी. फॅमिली डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अक्काचा दोन दिवसांचा झोपाळूपणा आणि बोलण्यातला घोळ त्यानेच. पाणी मोजून द्या, अक्काने स्वतःच बंद केलेलं मीठ पुन्हा सुरू करा, उद्या सकाळी परत रक्त घ्या. आकडा आणखी खाली गेला तर घरी ठेवायचं नाही. अक्का काहीही म्हणाली तरी नाही.

मग ती न्याहारीच्या टेबलाशी आली, कारण तिथे तिचा भाऊ बसला होता आणि त्याला टाळणं शक्य नव्हतं.

धाकटा दुसऱ्या शहरात एका कंपनीत प्रोग्राम लिहिण्याचंच काम करतो. अक्काच्या शंभरीसाठी तो आधीच येऊन राहिला होता. गेल्या उन्हाळ्यात त्याने लॅबसाठी नवा प्रोग्राम आणला, चालवून दाखवला, आणि त्यावरून बहीण-भावात चार दिवस अबोला झाला. शेवटी तह ठरला. अण्णा जोवर आपला प्रोग्राम उभा ठेवू शकतात, तोवर तो राहील. ज्या दिवशी तो बसला आणि संध्याकाळपर्यंत अण्णांना उठवता आला नाही, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून नवा. अण्णांनीही मान हलवली होती. त्यांचं वय ब्याऐंशी. गेलं वर्षभर त्यांना शब्द सापडायला वेळ लागत होता आणि चष्मा तर सापडतच नव्हता. पण लॅबच्या खोलीत ते रोज दोन तास बसत, आणि त्या दोन तासांत त्यांना शब्द अडत नसत. थोरलीला तेवढे दोन तास वाचवायचे होते. तहाचं खरं कारण ते.

"मी सांगितलं होतं" असं धाकटा म्हणाला नाही. तो म्हणाला नाही, हे थोरलीच्या लक्षात आलं आणि तिला त्याचाच जास्त राग आला.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठकी होती, थोरलीची मुलगी. नववा महिना, पाय समोरच्या स्टुलावर, हातात लोणी लावलेला पाव. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मामाला विचारलं, बाळ आज झालं तर मशीनला चालेल का?

धाकट्याने खरंच हिशेब केला. जन्म चोवीस, नमुना चोवीस. "चालेल," तो म्हणाला. "अख्ख्या शहरात त्याला फक्त तुझंच बाळ पटेल."

ठकी हसली. थोरली हसली नाही. तिने अण्णा कुठे आहेत ते विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता अक्काच्या खोलीकडे निघाली. अण्णा दुसरीकडे कुठे असणार होते?

*

धाकटा खाली लॅबमध्ये गेला. सुईताईने त्याला खुर्ची दिली आणि बजावलं, कळफलकावर चहा सांडू नका, अण्णा ओरडतात.

आपण काय शोधतोय हे त्याला माहीत होतं, आणि सापडल्यावर आपल्याला काय वाटणार आहे हेही. वडिलांना विसर पडला. रेघ कधी ना कधी हलवावी लागणार हे त्यांच्या डोक्यातून निघून गेलं. म्हाताऱ्या माणसाचं असंच होतं आणि त्यात दोष कुणाचा नाही, असं तो ताईला समजुतीने सांगणार होता. त्या समजुतीचा थोडा आनंदही त्याला आधीच होत होता.

ओळ सापडली. साल चोवीसपेक्षा लहान असेल तर नवं शतक. तो तिथेच थांबला.

त्या वर्षी सगळ्या जगाने रेघा ओढल्या होत्या. नोकरीच्या पहिल्या दोन वर्षांत त्याने स्वतः तेच काम केलं होतं. कुणी तीस धरलं, कुणी पन्नास. माणूस गोल आकडा घेतो. चोवीस कोण घेतं? आणि अण्णांना तर तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढचे कितीतरी रुग्ण होते. त्यांची जन्मसालं रेघेच्या अलीकडे पडून त्या सगळ्या म्हाताऱ्यांचा जन्मच व्हायचा राहिला असता. त्यांचं काय केलं?

तेही दोन ओळी खाली होतं. नावाआधी तारा असेल तर साल काहीही असो, शतक जुनं. अक्कापेक्षा वयाने मोठा जो जो रुग्ण होता, त्याच्या नावाला अण्णांनी एकेक करून तारा लावला होता. रेघ पन्नासवर नेली असती तर आणखी तारे लागले असते, अक्कासकट. चोवीसवर ठेवली म्हणून तारे अक्काच्या उंबऱ्याशी थांबले.

ठकी एक हात पाठीवर ठेवून हळूहळू जिना उतरत आली आणि त्याच्या मागे उभी राहिली. त्याने पडद्यावरचा आकडा तिला दाखवला. "हा आकडा कुठून काढला असेल अण्णांनी?"

"अक्काचं साल आहे ना ते," ठकी म्हणाली. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही.

त्याने तारे असलेले सगळे रुग्ण पडद्यावर मागवले आणि प्रत्येकाची शेवटची चाचणी कधी झाली ते पाहिलं. पोस्टमन. शाळेच्या मुख्याध्यापिका. गल्लीतल्या सुईणबाई, ज्यांच्या हातावर हे दोघे बहीण-भाऊ जन्मले. एकेकाची तारीख कुठेतरी थांबलेली होती. यादीच्या तळापर्यंत गेल्यावर त्याला कळलं, की तारा लागलेलं एकही माणूस आता नाही.

समजुतीने सांगायचं जे त्याने ठरवलं होतं, ते त्याला आठवेना. "म्हणजे विसरले नाहीत," तो म्हणाला. ठकीने त्याच्या खांद्याचा आधार घेतला, कारण तिला बसायचं होतं आणि खुर्ची एकच होती. तो उठला.

*

वर अक्काच्या खोलीत पडदे अर्धे ओढलेले होते. अक्का उशीवर डोळे मिटून होती. अंगावर तिनेच विणलेली, कोपरांना रफू केलेली शाल. अण्णा पलंगाशी स्टुलावर बसले होते, हात मांडीवर ठेवून, परीक्षेचा निकाल लागायच्या दिवशी मुलं बसतात तसे.

थोरलीने हलक्या आवाजात सांगितलं, की प्रोग्राम बंद पडलाय.

"माहीत आहे," अण्णा म्हणाले.

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? आज पडणारच होता."

थोरलीला हे समजायला एक क्षण लागला. मग ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. अण्णा आवाज न चढवता सांगत राहिले. रेघ पुढे सरकवायची म्हणजे एक आकडा बदलायचा. चोवीसच्या जागी तीस. आणि मधल्या सालांत जन्मलेल्यांना तारा लावायचा. अर्ध्या तासाचं काम. गेली काही वर्षं ते दर डिसेंबरात ते करायला बसत. पुढच्या वर्षी बघू म्हणून उठत. पुढची वर्षं संपली.

मागच्या प्रकरणांतल्या भांडणांत थोरली नेहमी वडिलांच्या बाजूला उभी राहिली होती. जागेच्या वाटणीत, लॅबच्या पाटीवर कुणाचं नाव यावर, उन्हाळ्यातल्या तहात. आज ती पहिल्यांदा वडिलांवर चिडली, आणि सवय नसल्यामुळे तिला ते नीट जमलं नाही.

"मी सगळ्यांशी भांडले तुमच्यासाठी. त्याला म्हटलं, अण्णांना जमतंय तोवर हात लावायचा नाही. आणि तुम्ही जमत असून बसून राहिलात. खाली माणसं उभी आहेत, अण्णा."

दारात धाकटा येऊन उभा राहिला होता. थोरलीने त्याच्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, की त्याने नवा प्रोग्राम लावावा. उद्या कशाला, आजच.

ज्या वाक्याची तो उन्हाळ्यापासून वाट पाहत होता, ते असं आयतं हातात आलं.

"आज नको, ताई," तो म्हणाला.

तो आत आला, अण्णांच्या स्टुलाशी खाली फरशीवर बसला. लहानपणी ओरडा खाऊन आल्यावर तो याच खोलीत असाच बसत असे. त्याने अण्णांना विचारलं, की इतरांना तारा लावायला त्यांची हरकत आहे का?

"इतरांना लावतो की."

"मग एकटी अक्काच उरते."

"तेच तर." अण्णा पलंगाकडे न बघता बोलत होते. "ज्यांना ज्यांना लावला, त्यांतलं कुणी राहिलं नाही. मला कळतं रे, की त्याचा याच्याशी संबंध नाही. मी आयुष्यभर रक्त तपासलंय. कशाने माणूस जातं ते मला कळतं. पण तिच्या नावापाशी जाऊन तो तारा दाबायचा म्हणजे... बोट जात नाही."

खालून यंत्राचा घरघराट ऐकू येत होता.

अण्णांना आई आठवत नाही. ते दोन वर्षांचे असताना ती गेली. त्यांना आठवते ती अक्का, सतरा-अठरा वर्षांनी मोठी बहीण. एका हाताने शिवणयंत्राचं चाक फिरवत दुसऱ्या हाताने त्यांना घास भरवणारी. तिचं लग्न ठरत आलं होतं, पण लहान भावाला सोडून जायला ती तयार नव्हती; ते कसं मोडलं ते आधी येऊन गेलं आहे. अण्णांनी लॅब उघडली तेव्हा पहिले कितीतरी दिवस दारात कुणी फिरकलं नाही. तेव्हा अक्का शिवणकाम बाजूला ठेवून आली, खुर्चीवर बसली, बाही वर केली आणि म्हणाली, घे माझं, तुझा हात तरी चालू राहील. त्या लॅबमधलं पहिलं रक्त तिचं. कार्ड नंबर एक.

"कसला तारा?" अक्काने विचारलं.

तिचे डोळे अजून मिटलेलेच होते. दोन दिवसांपासून ती माणसं ओळखण्यात चुकत होती, काल थोरलीला तिने सुईणबाई समजून हाक मारली होती. त्यामुळे तिघांनाही वाटलं, की ती झोपेत बोलली असेल.

"काही नाही अक्का, पड तू," अण्णा म्हणाले.

"पडलेलीच आहे. बाळ, कसला तारा ते विचारते आहे."

ब्याऐंशी वर्षांच्या बाळाने मग सांगितलं. नीट सांगितलं नाही, मधे दोनदा अडखळलं, आणि का लावला नाही तो भाग गाळला. पण अक्काने तो भागही आधीच ऐकला असावा, कारण तिने त्याबद्दल विचारलंच नाही. तिने एक डोळा उघडला.

"सुईणबाईंच्या रिपोर्टावर होता. आणून दाखवायची मला. तुझ्या भावाने तारा दिलाय म्हणायची, मोठ्या माणसांना देतात म्हणे. मी तुला विचारलं तर काय म्हणालास?"

अण्णांना आठवत होतं.

"म्हणालास, तू अजून लहान आहेस. मी तेव्हा पंच्याहत्तर वर्षांची होते."

ठकी कधीच दारात येऊन टेकली होती. ती खुदकन हसली आणि पोटाला हात लावून थांबली.

"मला काय ते कॉम्प्युटरातलं कळत नाही," अक्का म्हणाली. शब्द सावकाश येत होते, पण जागेवर येत होते. "पण ते सगळे गेले ते वयाने गेले. तू तारा नसता लावलास तरी गेले असते. आणि मी त्यांच्या मागे राहिले ते काय तू रेघ धरून ठेवलीस म्हणून? उगाच भाव खाऊ नकोस. लाव माझा तारा. खाली माणसं उपाशीपोटी उभी आहेत."

उपवासाने रक्त द्यायचं असतं हे तिला बरोबर आठवत होतं. थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं ते या गोष्टीने.

*

दुपारी अण्णा खाली उतरले. चष्मा ठकीने शोधून दिला, तो अक्काच्या उशाशी होता. आकडा बदलायला त्यांनी कुणाची मदत घेतली नाही. चोवीस खोडलं, तीस लिहिलं. मधल्या सालांतल्या रुग्णांना तारे लावायला धाकटा नावं वाचत गेला आणि अण्णा दाबत गेले. त्यांचं बोट चुकत नव्हतं. धाकट्याने एकदा सुचवून पाहिलं, की हे सगळं एका आदेशात होईल. अण्णा म्हणाले, होईल, पण मग कुणाला लावला ते मला कळणार नाही.

अक्काचं नाव धाकट्याने शेवटी ठेवलं होतं. ते वाचून झाल्यावर तो खिडकीकडे बघू लागला. थोरली नळ्यांची रॅक धुवायचं थांबली. अण्णांनी तारा दाबला, आणि लगेच पुन्हा पुसला, आणि पुन्हा दाबला. मग खुर्ची मागे सरकवून ते म्हणाले, आता चालवा.

सुईताईने सकाळच्या शिंप्याचा नमुना टाकला. त्याचा जन्म झालेला होता, त्याची साखर वाढलेली होती. कॉलेजातल्या मुलीचाही झालेला होता. एकामागून एक रिपोर्ट बाहेर येऊ लागले. संध्याकाळ व्हायच्या आत सकाळची रांग निकाली निघाली. नव्या प्रोग्रामचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही. थोरलीने भावाला एवढंच सांगितलं, की शंभरी झाल्यावर बसू, तिघं मिळून. तो बरं म्हणाला. वडिलांशी मात्र ती संध्याकाळपर्यंत थोडी तुटक बोलत होती, आणि अण्णा तिला दर थोड्या वेळाने चहा घेणार का विचारत होते.

अक्काचा रिपोर्ट छापून ठकीने वर नेला. नावाआधी तारा होता. वय नव्याण्णव. अक्काने कागद डोळ्यांजवळ धरला, ताऱ्यावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, की शंभर झाल्यावर शंभर लिहून येईल ना? ठकीने खाली येऊन तेच अण्णांना विचारलं.

अण्णांनी पडद्याकडे पाहिलं. वयाच्या रकान्यात जागा दोनच होत्या. आजवर तिसरी कुणाला लागली नव्हती. नऊ तारखेला प्रोग्राम अक्काचं वय शून्य-शून्य छापेल.

"किती वेळ लागेल?" थोरलीने विचारलं. सकाळनंतर ती पहिल्यांदाच त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

रेघेपेक्षा हे मोठं काम आहे, अण्णा म्हणाले. रकाना रुंद केला की प्रत्येक कार्ड नव्याने मांडावं लागेल. पाच-सहा दिवस लागतील. धाकट्याने परतीचं तिकीट रद्द करायला फोन काढला. ते दहा तारखेचंच होतं, अशी ठकीने त्याला आठवण करून दिली. त्याने फोन खिशात टाकला आणि दुसरी खुर्ची ओढून घेतली.

शेवटची खबर अशी. संध्याकाळी सहा वाजता अक्काने अर्धा कप दूध घेतलं आणि ठकीला ठकी म्हणूनच हाक मारली. ठकीला दुपारपासून पाठीत कळ आहे, ती कशाची हे अजून ठरलेलं नाही. अक्काचं रक्त उद्या सकाळी सात वाजता पुन्हा घेतलं जाईल. अण्णा आणि धाकटा खाली लॅबमध्ये आहेत, दिवा चालू आहे, आणि वयाच्या रकान्यात अजून दोनच जागा आहेत.